फोन उघडून द्या म्हणणारा खरा मालक आहे का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि बेळगाव शहरातून आलेल्या पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या तोंडांनी आली आहे. कोणी लॉक झालेला फोन घेऊन मदत मागतो आणि तो खरं बोलतोय की नाही ते कळत नाही. विसरभोळा मालक आणि चोर, दोघांचा प्रश्न शब्दशः सारखाच असतो. म्हणून बोलण्यावरून माणूस पारखत बसू नका. खऱ्या मालकाजवळ जुनं खातं, नंबर, बिल, ओळखपत्र यांपैकी काहीतरी असतं आणि त्याच्या जोरावर त्याला वाट सापडते. ती वाट कुणालाही मोकळेपणानं सांगा. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही त्यालाच उपयोगी पडेल अशी युक्ती मात्र कुणालाच सांगू नका, अगदी शेजाऱ्यालाही नाही.

प्रश्न : माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जीमेल लॉक लागलेले फोन घेऊन गिऱ्हाइकं सारखी येतात. कोणी म्हणतं पोरानं रिसेट मारला, कोणी म्हणतं घेताना दुकानदारानंच जीमेल उघडून दिलं होतं, पासवर्ड ठाऊक नाही. बिल बहुतेकांकडं नसतं. लॉक काढून द्यावा तर चोरीच्या मालात अडकायची भीती, नाही म्हणावं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.
(मोबाईल दुरुस्ती व्यावसायिक, खानापूर)

उत्तर : यातलं दुसरं कारण आपल्याकडं पुष्कळदा अगदी खरं असतं. फोन विकताना काउंटरवरचा मुलगा घाईत नवीन जीमेल उघडतो, पासवर्ड लिहून देत नाही आणि पुढं ते खातं कुणाच्या नंबरावर काढलं हेच घरात कुणाला आठवत नाही. त्यामुळं दारातूनच हाकलू नका.

हा लॉक केव्हा लागतो ते आधी पक्कं असू द्या, कारण विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर ही सोय आली. सेटिंग्जमध्ये जाऊन, पिन घालून रिसेट केला तर तो मालकानंच केला असं फोन धरतो आणि नंतर जुनं खातं मागत नाही. बटणं दाबून रिकव्हरीतून हार्ड रिसेट मारला की मात्र जुनं गूगल खातं मागतो. बऱ्याच फोनवर त्याऐवजी जुना पिन किंवा पॅटर्नही चालतो, तोच आधी विचारा. बरेच जण पिन आठवत असून जीमेलपाशी अडकलेले असतात. आणि 'पोरानं खेळता खेळता रिसेट मारला' असं सांगणाऱ्याच्या फोनवर जीमेल लॉक असेल, तर रिसेट बटणं धरून झालेला आहे. हे खेळताना सहज घडत नाही. कदाचित पॅटर्न विसरल्यावर दुसऱ्या कोणी मारून दिला असेल. कुणी आणि कुठं, एवढं विचारा.

मग आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघा. लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी डायलरमध्ये *#०६# दाबलं की बऱ्याच फोनवर १५ अंकी क्रमांक दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक येतात, दोन्ही लिहून घ्या. इंग्रजी कॅपिटलमध्ये के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. संचार साथी या सरकारच्या दूरसंचार विभागाच्या ॲपवरही हेच तपासता येतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर फोन टेबलावर घेऊच नका. उत्तर स्वच्छ आलं म्हणजे फोन स्वच्छ, असं मात्र समजू नका. मालकानं अजून ब्लॉक करायला दिला नसेल तर कालच चोरलेला फोनही तिथं नीटच दिसतो. खोक्यावरचा आणि स्क्रीनवरचा क्रमांक जुळत नसेल तर फोनच्या आतला मुख्य बोर्ड बदललेला असू शकतो. तसं झालं असेल तर सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीचा कागद, मागा. नुसतं खोकं हा पुरावा नाही. खोकीही विकत मिळतात.

एवढं ठीक निघालं की लॉक तोडायचा नाही, खातं परत मिळवायचं. गूगलच्या खातं-शोध पानावर गिऱ्हाइकानं स्वतःचा मोबाईल नंबर घालायचा, येणारा कोड स्वतःच टाकायचा. तो कोड तुम्ही विचारू नका, वाचूनही दाखवायला सांगू नका. ज्या जागेवरून, ज्या वायफायवरून किंवा घरातल्या ज्या दुसऱ्या फोनवरून ते खातं पूर्वी वापरलं गेलं आहे तिथून प्रयत्न केला तर गूगल लवकर ओळख पटवतं. तेव्हा 'घरी जाऊन करा' हा सल्ला टाळाटाळ नव्हे. पासवर्ड बदलल्यावर २४ तास थांबायला सांगा, मगच नवा पासवर्ड लॉकच्या पानावर घालायचा. घाईनं पुन्हा पुन्हा घातला तर नाकारला जातो आणि लोक इथंच धीर सोडून 'टूल' शोधायला लागतात.

खातं मिळालंच नाही तर बिल आणि ओळखपत्र घेऊन कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. बिल हरवलं असेल तर विकणाऱ्या दुकानाकडून जीएसटी बिलाची प्रत निघते, ऑनलाइन घेतलेल्याचं बिल त्या खात्यात सापडतं, हप्त्यावर घेतलेल्या फोनचा आयएमईआय कर्जाच्या कागदावर असतो. बिल नाही म्हणणाऱ्या पुष्कळांना हे तीन रस्ते कोणी सांगितलेलेच नसतात.

लॉक काढणारी जी टूल्स फिरतात ती चालवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या कॉम्प्युटरवर तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे फोन जोडले जातात, त्यावर असलं काही चालवणं हा मोठा धोका आहे. शिवाय अँड्रॉइड १५ पासून गूगलनं हे आणखी घट्ट केलंय. सुरुवातीचं पान चुकवून आत गेलं तरी नवीन खातं, नवीन स्क्रीनलॉक, नवीन ॲप यांतलं काही जमत नाही, फोन परत त्याच दारात येतो.

दुकानात एक वही ठेवा. तारीख, नाव, नंबर, दोन्ही आयएमईआय, काय बिघाड, ओळखपत्राची प्रत, सही. खातं परत मिळवून देण्याच्या वेळेचे पैसे जरूर घ्या, ते तुमचं काम आहे. वहीत सही करायलाच नको म्हणणाऱ्याशी वाद घालू नका आणि फोन हिसकावून ठेवू नका. आयएमईआय टिपला असेल तर पोलीस स्टेशनला कळवा. चोरीचा फोन जाणूनबुजून जवळ ठेवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ब खाली येतं, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रश्न : हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्यांनी फोन लॉक केला. आमच्या गल्लीतला मुलगा म्हणतो पाचशे रुपयांत काढून देतो. काढून घ्यावा का?
(वाचक, चिकोडी)

उत्तर : नका घेऊ. तो लॉक फोन घेताना तुमच्या सहीनं बसवलेल्या ॲपचा आहे. जबरदस्तीनं काढताना फोन पुरता बंद पडला तर वॉरंटीही नाही, आणि कर्ज तसंच राहतं. थकीत रक्कम भरून पावती घ्या आणि लॉक सोडायची विनंती कंपनीकडं लेखी करा. सगळे हप्ते फिटले असतील तर एनओसी, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, मागा. पैसे भरूनही लॉक उघडला नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्यांचा फोन १४४४८. त्या मुलालाही हे वाचायला द्या.

प्रश्न : मी संगणक वर्ग चालवतो. ओळखीचे एक गृहस्थ विचारतात, 'सर, बायकोचं व्हॉट्सॲप माझ्या फोनवर कसं दिसेल? तिच्या काळजीपोटी विचारतोय.' माणूस चांगला आहे. काय सांगू?
(संगणक शिक्षक, निपाणी)

उत्तर : नाही सांगा, आणि तोंडावर सांगा. काळजी खरी असेल तर तिचा रस्ता बायकोशी बोलण्यातून जातो, तिच्या फोनमधून नाही. ही युक्ती तुम्ही शिकवलीत तर त्या घरात पुढं काय होईल यावर तुमचा काही ताबा राहत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ स्त्रीचा इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काचा वापर चोरून पाहत राहण्याला पाठलाग म्हणतं. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद. 'फोन मीच घेऊन दिलाय' हे तिथं उत्तर होत नाही.

बोलायला सोपं पडेल असं वाक्य देतो: 'दादा, दुसऱ्याच्या फोनमध्ये तिला न कळता शिरायचं काही मी कुणालाच शिकवत नाही. वहिनींना घेऊन या, दोघांचेही फोन सुरक्षित करून देतो.' यात अपमान नाही आणि दार उघडं आहे. हाच प्रश्न लहान मुलाच्या फोनबद्दल असेल तर गोष्ट निराळी. गूगलचं फॅमिली लिंक पालकांसाठीच आहे आणि त्यात देखरेख चालू असल्याचं मुलाला फोनवर दिसतं. लपवून बसवायचं ॲप कोणी मागितलं तर, मूल असो वा मोठं माणूस, सांगू नका.

प्रश्न : माझ्या फोनवर कोणीतरी लक्ष ठेवतंय असं मला वाटतं. मी कुठं गेले, कुणाशी बोलले हे घरच्यांना आधीच ठाऊक असतं. दुकानात विचारलं तर 'तुम्हाला कशाला हवंय हे?' म्हणून संशयानं बघतात.
(वाचक भगिनी, बेळगाव)

उत्तर : ताई, दुकानदारानं चुकीच्या माणसावर संशय घेतला. स्वतःचा फोन तपासणं हा तुमचा हक्क आहे. तपासायला लागण्याआधी मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. पाळत ठेवणारं ॲप काढलं की ठेवणाऱ्याला लगेच कळतं. घरात मारहाणीची, कोंडून ठेवण्याची भीती असेल तर आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून महिला मदतवाहिनी १८१ ला बोला, प्रसंग आला तर ११२. काढायचं नंतर, पुरावा आधी. पुरावा घेताना त्याच फोनवर स्क्रीनशॉट काढू नका, ते गूगल फोटोजमधून दुसऱ्या फोनवर दिसू शकतात. दुसऱ्याच्या फोननं स्क्रीनचा फोटो काढा.

आता तपासणी. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडा. तुमच्या फोनशिवाय आणखी चार उपकरणं तिथं जोडता येतात. एखादा ब्राउझर किंवा कॉम्प्युटर तुमचा नसेल तर तोच उलगडा. आमच्या मते निम्मा शोध इथंच संपतो, कारण हे करायला दुसऱ्याला तुमचा उघडा फोन थोडाच वेळ हातात लागतो. मग गूगल खात्याच्या सिक्युरिटी भागात तुमची उपकरणं पाहा. गूगल मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर टिचकी मारून लोकेशन शेअरिंग पाहा. तिथं कुणाचं नाव असेल तर 'मी कुठं गेले' याचं उत्तर मिळालं.

त्यानंतर सेटिंग्ज. ॲक्सेसिबिलिटीमध्ये तुम्ही न टाकलेलं एखादं ॲप चालू दिसतं का? डिव्हाइस ॲडमिन ॲप्समध्ये? नोटिफिकेशन ॲक्सेसमध्ये? पाळतीच्या ॲपला स्क्रीन आणि मेसेज वाचायला यांतली परवानगी लागते, म्हणून ते नाव बदलून, 'सिस्टिम सर्व्हिस' वगैरे म्हणून, याच याद्यांत बसलेलं असतं. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप्स पकडणारी सोय, बंद केलेलं दिसलं तर ते तुम्ही बंद केलं नव्हतं ना, हे आठवा. असली ॲप्स बसवताना ते आधी बंद करतात. फोनमध्ये किती बोटांचे ठसे नोंदलेले आहेत तेही मोजा. कॉल फॉरवर्डिंग सेटिंग उघडून तुमचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवलेले नाहीत ना ते बघा. आयफोन असेल तर आयओएस १६ पासून सेटिंग्जच्या प्रायव्हसी भागात सेफ्टी चेक आहे, त्यात कुणाला काय दिसतं ते एकत्र समजतं. बॅटरी लवकर उतरणं, फोन तापणं यावरून काही ठरवू नका. जुन्या फोनचं तसं होतंच.

काढायची वेळ आली की क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या, भरवशाच्या फोनवरून गूगलचा पासवर्ड बदला, अनोळखी उपकरणं साइन आउट करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मग आपला फोन सेटिंग्जमधून रिसेट करा. नंतर नवा सहा अंकी पिन ठेवा, जन्मतारीख नको. व्हॉट्सॲपलाही वेगळा पिन लावा. उलट क्रमानं केलं, म्हणजे रिसेट आधी आणि जुनाच पासवर्ड, तर पासवर्ड ठाऊक असलेला माणूस संध्याकाळपर्यंत परत आत येतो. तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, आणि बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणं आहे.

प्रश्न : आयएमईआय बदलून देणारे बेळगावात मिळतात का?
(नाव नाही)

उत्तर : दूरसंचार कायदा, २०२३ नुसार ओळख क्रमांकात फेरफार करण्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सॉफ्टवेअर टाकताना आयएमईआय उडाला असेल तर फोन बिलासह कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. तिथं तोच मूळ क्रमांक परत बसवतात.

प्रश्न : आमचा मुलगा गेला. त्याचा फोन आहे, पिन माहीत नाही. त्यातले फोटो हवेत. तीन दुकानं फिरलो, सगळे चोरासारखं बघतात.
(आई-वडील, संकेश्वर परिसर)

उत्तर : काका, काकू, तुमचं मागणं रास्त आहे. पहिली विनंती ही की कुणालाही फोन रिसेट करू देऊ नका. 'रिसेट मारून डेटा परत काढतो' म्हणणारा फसवतोय. आजच्या फोनमधला डेटा कुलूपबंद स्वरूपात असतो, त्याची किल्ली पिनाशी बांधलेली असते आणि रिसेट झाला की ती किल्लीच नष्ट होते. चुकीचे पिन भराभर घालू नका, प्रत्येक चुकीनंतर थांबायची वेळ वाढत जाते. आयफोन तर शेवटी पूर्ण बंद होतो.

फोटो फोनमध्येच असतील असं नाही, गूगल फोटोजमध्येही असू शकतात. त्याचा लॅपटॉप, टॅब, जुना फोन कुठं उघडा असेल तर तिथं पाहा. नसेल तर गूगलकडं मृत व्यक्तीच्या खात्यासाठी वेगळा अर्ज आहे. तुमचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो. दाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. पासवर्ड ते कधीच देत नाहीत, पण काही वेळा खात्यातला मजकूर देतात. वेळ काढू नका, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं. आयफोन असेल आणि त्यानं लेगसी काँटॅक्ट, म्हणजे आपल्यामागं खातं उघडू शकेल असा माणूस, नेमला असेल तर त्या माणसाकडं तेव्हा मिळालेली ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला असला की आयक्लाउडमधले फोटो मिळतात.

सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. नंबर बंद पडला की काही काळानं तो दुसऱ्याला मिळतो आणि खातं शोधायचा मोठा आधार जातो. मृत्यूचा दाखला देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घेण्याबद्दल सिम कंपनीच्या कार्यालयात विचारा. त्याच्या यूपीआयला हात लावू नका, बँकेतले पैसे नॉमिनी म्हणून बँकेतूनच घ्या.

दुकानदारांनाही सांगणं आहे: मृत्यूचा दाखला हातात घेऊन आलेल्या माणसाला एवढी माहिती सांगण्यात कसलाच धोका नाही.

प्रश्न : कोल्हापूरच्या बसस्थानकावर माझा आयफोन चोरीला गेला. मी राहतो कर्नाटकात, तक्रार कुठं द्यायची? आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज आला, 'तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथं टिचकी मारा.' मारू का?
(वाचक, संकेश्वर)

उत्तर : अजिबात मारू नका. तो मेसेज चोराकडचा आहे. आयओएस ७ पासून, म्हणजे २०१३ पासून, आयफोनला ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या ॲपल खात्याशी बांधलेलं कुलूप, आहे. तुमचा ॲपल पासवर्ड मिळाल्याशिवाय तो फोन चोराला सुट्या भागांच्या भावानंच विकावा लागतो. म्हणून हुबेहूब ॲपलसारखं पान दाखवून पासवर्ड मागतात. पुढं फोनही येईल, 'फाइंड माय (हरवलेला फोन शोधायचं ॲपलचं ॲप) मधून फोन काढून टाका म्हणजे परत पाठवतो.' काढू नका. फाइंड माय मध्ये तो लॉस्ट मोडमध्ये टाका आणि तिथल्या यादीत तसाच ठेवा. तो यादीत आहे तोवरच लॉक आहे.

चोरीची तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ला धरून नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, नोंदवून तो कोल्हापूरला पाठवता येतो. तेव्हा संकेश्वरलाच द्या. प्रत कन्नडमध्ये मिळेल, तक्रार क्रमांक आणि तारीख स्पष्ट आहे एवढं बघून घ्या.

सिम आधी बंद करा आणि त्याच नंबराचं नवं सिम घ्या. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळं ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका. दुसऱ्या दिवशी संचार साथीच्या संकेतस्थळावर हरवलेला मोबाईल ब्लॉक करण्याचा अर्ज भरा: दोन्ही आयएमईआय, बिल, तक्रारीची प्रत, ओळखपत्र. हरवल्याचं ठिकाण कोल्हापूरच लिहा. ब्लॉक केलेल्या फोनची यादी साऱ्या देशाची एकच आहे, फोन महाराष्ट्रात चालू झाला काय नि कर्नाटकात काय, कुठल्याच कंपनीचं सिम त्यात चालत नाही. अर्ज झाल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी कागदावर लिहून ठेवा. फोन पोलिसांकडून परत मिळाला की त्याच आयडीनं अनब्लॉकचा अर्ज करावा लागतो.